तोटा असल्यास शून्य लिहा

जुलै म्हणजे आमच्या धंद्यातली सुगी. पिंपळे गुरवला काटेपुरम चौकाच्या अलीकडे, पिठाच्या गिरणीच्या वर माझं दहा बाय बाराचं ऑफिस आहे. मी सीए नाही. पाटीवर ‘कर सल्लागार’ लिहिलंय, पण निम्मे लोक वकीलसाहेब म्हणतात आणि उरलेले रिटर्नवाले दादा. पंधरा तारीख उलटली की चाकण, भोसरी, तळवड्याच्या कंपन्यांतली पोरं फॉर्म १६ घेऊन जिना चढायला लागतात. खाली गिरणी चालू असली की टेबलावरच्या कागदांना पांढरी पूड बसते. तो फॉर्म झटकायचा, पगार भरायचा, पीएफ, एलआयसी, होमलोनचं व्याज, आयटीआर-१, ओटीपी, चला पुढचा. वीस मिनिटांचं काम.

२०२३ च्या जुलैत एक जण नाइट करून, न झोपता, सकाळी नऊलाच येऊन बसला. चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. नाशिक फाट्यावरून बस पकडतो. त्याचं रिटर्न मी चार वर्षं भरत होतो, सगळी आयटीआर-१. या वेळी पोर्टलवर त्याचं एआयएस, म्हणजे खात्याकडं पोचलेल्या वर्षभराच्या व्यवहारांची यादी, उघडलं तर पगार आणि बँकेच्या व्याजाखाली नव्या दोन ओळी दिसल्या. कलम १९४एस, म्हणजे क्रिप्टोसारख्या आभासी मालमत्तेवरचा टीडीएस. एका ओळीत ४८० रुपये टीडीएस, दुसरीत ३८०.

“क्रिप्टो घेतलंस की काय रे?”

“नाही हो दादा. कॉइन-बिइन काही नाही. जागा घेतली होती. तुम्हाला विचारूनच घेतली होती.”

मला विचारून? मी चष्मा काढला. आणि मग हळूहळू आठवलं.

२०२२ च्या जानेवारीत तो आला होता. पर्सनल लोनसाठी तीन वर्षांच्या रिटर्नच्या कॉपी पाहिजे होत्या. प्रिंट निघेपर्यंत आपलं सहज विचारलं, कर्ज कशाला? म्हणाला, जागा घेतोय. कुठं? त्यानं काहीतरी इंग्रजी नाव सांगितलं. आता आमच्याकडे मारुंजी-चऱ्होलीपासून शिक्रापूरपर्यंत प्लॉटिंगच्या स्कीमना इंग्रजीच नावं असतात, मेडोज काय आणि व्हॅली काय. मला वाटलं त्यातलंच एखादं. मी पुढं एवढंच म्हणालो, “घे. जागेत घातलेला पैसा बुडत नाही.” कॉपीचे वीस रुपये घेतले.

ती जागा एका ऑनलाइन गेममधली होती.

गेमचं नाव लिहीत नाही. प्रकार असा, की गेममध्ये एक नकाशा असतो, त्याचे चौकोन पाडलेले असतात आणि प्रत्येक चौकोन म्हणजे एक टोकन. तुम्ही ते इथर नावाच्या क्रिप्टोनं विकत घ्यायचं. त्यावर दुकान बांधा, भाड्यानं द्या, नाहीतर नुसतं धरून ठेवा. लॉकडाउनमध्ये कंपनी बंद होती तेव्हा हा खेळायला लागला. २०२१ च्या सप्टेंबरात भिशी लागली, त्यातून ६०,००० चा पहिला प्लॉट घेतला. २८ ऑक्टोबरला फेसबुकनं कंपनीचं नाव बदलून मेटा केलं आणि मेटाव्हर्स हा शब्द रिक्षावाल्यापर्यंत पोचला. याच्या प्लॉटचा भाव दोन महिन्यांत दुपटीच्या पुढं गेला. माणसाला पहिल्या घासातच गोड लागलं की तो ताट बघत नाही. दोन लाखांचं कर्ज काढून, चाळीस हजार पदरचे घालून त्यानं २,४०,००० ला मोठा प्लॉट घेतला आणि वर पस्तीस-पस्तीस हजारांचे दोन छोटे.

“मोठा कशासाठी?”

“कॉर्नर होता दादा.”

मी हसलो नाही. माझ्या वडिलांनीही कॉर्नरच बघितला होता.

त्या रात्री घरी जाऊन मी या प्रकारावर जे मिळेल ते वाचलं. धंदा म्हणून वाचायलाच पाहिजे होतं. आज एक आला, उद्या दहा येणार. वाचता वाचता सवयीनं क्षेत्रफळं काढत गेलो. डिसेंट्रलँड नावाच्या जगात ९०,६०१ प्लॉट आहेत, प्रत्येक १६ मीटर बाय १६ मीटर. म्हणजे २५६ चौरस मीटर. आपला गुंठा १०१ चौरस मीटरचा, म्हणजे प्लॉट अडीच गुंठ्यांचा. सँडबॉक्स नावाच्या दुसऱ्या जगातला प्लॉट ९६ बाय ९६ मीटर, म्हणजे चक्क सव्वादोन एकर. २०२१ च्या नोव्हेंबरात कॅनडातल्या टोकन्स डॉट कॉम या कंपनीच्या उपकंपनीनं डिसेंट्रलँडच्या फॅशन भागात ११६ प्लॉट एकगठ्ठा घेतले, साधारण २४ लाख डॉलरला. तेव्हाच्या भावानं १८ कोटी रुपये. बातम्यांत या जागेचं क्षेत्रफळ ६,०९० चौरस फूट छापून आलं होतं. मी गणित केलं तर सात एकरांच्या वर निघालं. मग लक्षात आलं, १६ मीटर म्हणजे साडेबावन्न फूट. कुणीतरी प्लॉटची बाजू हेच क्षेत्रफळ धरलं आणि ११६ नं गुणलं. आणि तेच जगभर छापलं गेलं. आमच्या भागातल्या कुठल्याही एजंटनं ही चूक केली नसती, पण तिथं मोजणीला कोण जातंय?

त्याच वर्षीच्या डिसेंबरात सँडबॉक्समध्ये स्नूप डॉग या रॅप गायकाच्या शेजारचा प्लॉट साडेचार लाख डॉलरला गेला. पुढच्या वर्षी दलेर मेहंदीनं हैदराबादच्या एका कंपनीच्या आभासी जगात जमीन घेऊन तिचं नाव बल्ले बल्ले लँड ठेवलं. हे वेड काही त्या वर्षी जन्मलं नव्हतं. २००४ सालीच एन्ट्रोपिया नावाच्या स्वीडिश गेममध्ये बावीस वर्षांच्या एका ऑस्ट्रेलियन पोरानं २६,५०० डॉलर मोजून बेट घेतलं होतं. त्याच गेममधला एक लघुग्रह जॉन जेकब्स यानं २००५ मध्ये एक लाख डॉलरला घेतला आणि २०१० मध्ये तुकड्यातुकड्यानं ६,३५,००० ला विकला. अशी एक गोष्ट खरी असली की पुढं हजारो जण तिच्या भरवशावर आत शिरतात. प्लॉटिंगवाल्याच्या ऑफिसातही भिंतीवर एकाच गिऱ्हाइकाचा फोटो असतो, ज्याचे तिप्पट झाले त्याचा.

आता वडिलांची जागा.

अण्णा औशाकडचे. १९८४ साली भोसरी एमआयडीसीत टर्नर म्हणून लागले. १९९१ मध्ये पिंपळे गुरवात अर्धा गुंठा घेतला, २२,००० ला. घेतला म्हणजे काय, तर स्टँप पेपरवर लिहून, नोटरी करून घेतला. तुकडेबंदीचा कायदा १९४७ सालचा. अर्ध्या गुंठ्याचं खरेदीखत होणार कसं? सातबाऱ्यावर मूळ मालकाच्या भावकीची अकरा नावं होती आणि आजही त्यात आमचं नाव नाही. त्या वेळी इथं पवनेकडच्या अंगाला ज्वारी उभी असायची. रस्ता म्हणजे दोन बांधांमधली वाट. मराठवाड्यातून, खानदेशातून, सोलापुराकडून आलेल्या हजारो कामगारांनी या पट्ट्यात असेच गुंठे घेतले. कुणी एक, कुणी अर्धा. कागद सगळ्यांचेच लंगडे.

पण अण्णांनी पहिल्या पावसाळ्याआधी पत्र्याची खोली उभी केली आणि आम्ही राहायला आलो. शेजारी आणखी दोन खोल्या झाल्या. मग दूधवाला यायला लागला. वायरमनला धरून विजेचा मीटर झाला. नळाला पाणी आलं. मतदारयादीत नाव आलं, आणि मतदारयादीत नाव आलं म्हटल्यावर नगरसेवक आला, नगरसेवक आला म्हणजे डांबर आलं. २०११ ला आम्ही वरचा मजला चढवला आणि शास्तीकर, म्हणजे बेकायदा बांधकामाचा दंड, बसला. पुढं बुलडोझर फिरला त्या दिवसांत आईला झोप नव्हती. २०२३ च्या मार्चमध्ये सरकारनं शास्तीकर माफ केला. कोपऱ्यावरच्या चहावाल्यानं त्या दिवशी पेढे वाटले.

म्हणजे आमच्या अख्ख्या गल्लीची शिकवण एकच: कागद कच्चा असला तरी बिघडत नाही. स्वस्तात घे, धरून बस, आज ना उद्या नियमित होतंय. त्या पोराचे वडीलही असेच, त्यांचा एक गुंठा माझ्या ऑफिसपासून तिसऱ्या गल्लीत आहे. तो हे बघतच वाढला. त्यानं बापाचाच धडा गिरवला आणि मीही त्याला तोच वाचून दाखवला. जागेत घातलेला पैसा बुडत नाही!

खरं तर त्याच्या जागेचा कागद आमच्यापेक्षा शंभरपट पक्का होता. ब्लॉकचेनवर नोंद. कुणाकडून कुणी कधी घेतली, कितीला घेतली, सगळं उघडं. फेरफार अडत नाही, तलाठी रजेवर जात नाही, एकच प्लॉट तिघांना विकता येत नाही. सातबाऱ्याचं असं झालं असतं तर हवेली तालुक्यातले निम्मे दावे संपले असते. कमी होती ती माणसांची. २०२२ च्या ऑक्टोबरात डिसेंट्रलँडबद्दल एक आकडा गाजला: चोवीस तासांत ३८ वापरकर्ते. डिसेंट्रलँडनं सांगितलं की हा आकडा फक्त व्यवहार करणाऱ्यांचा आहे, येऊन जाणारे रोज ८,००० च्या आसपास असतात. बरं, ८,००० धरू. नव्वद हजार प्लॉटांवर आठ हजार माणसं, तीही येऊन जाणारी. सकाळी साडेसहाला पाणी आलं की आमच्या एका गल्लीत अडतीस बादल्या असतात.

आणि त्या जगात अंतर नाही. आकडे टाइप केले की माणूस थेट पाहिजे त्या चौकोनात जाऊन उभा राहतो. मग रोड टच कशाला, कॉर्नर कशाला? आपल्याकडे काटेपुरम चौकातल्या गाळ्याला भाव आहे, कारण कासारवाडी स्टेशनवरून दमून घरी निघालेला माणूस त्याच्यासमोरून चालत जातो. उडता आलं असतं तर त्यानं भाजी कुठूनही घेतली असती. जागा दुर्मीळ म्हणावी तर त्या एका नकाशापुरती. शेजारी दुसरी कंपनी उद्या दुसरा नकाशा उघडते. इथं पवनेच्या दोन काठांमध्ये तिसरा काठ काढता येत नाही.

हे सगळं मला रात्री सुचलं. दुसऱ्या दिवशी तो परत आला तेव्हा मात्र समोर फॉर्म होता.

आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-२ घ्यावा लागतो. त्यात त्या वर्षी पहिल्यांदाच व्हीडीए, म्हणजे आभासी डिजिटल मालमत्ता, नावाचं परिशिष्ट आलं होतं. घेतल्याची तारीख, विकल्याची तारीख, खरेदीची किंमत, विक्रीची किंमत आणि शेवटचा रकाना नफ्याचा. त्या रकान्याच्या डोक्यावर कंसात सूचना आहे: तोटा असल्यास शून्य लिहा.

पहिली ओळ. ६०,००० चा प्लॉट २०२२ च्या मे महिन्याच्या सुरुवातीला विकला. बदल्यात इथर मिळालं, त्या दिवशीच्या भावानं १,१०,००० रुपयांचं. नफा ५०,०००.

“पण दादा, मला पन्नास मिळालेच नाहीत.”

खरं होतं. त्यानं ते इथर तसंच ठेवलं, वाढेल म्हणून. मे-जूनमध्ये क्रिप्टोचा बाजार कोसळला. जुलैत घाबरून रुपये केले तेव्हा हातात आले ४८,०००. ६०,००० घालून ४८,०००. पण आयकराच्या दृष्टीनं हे दोन व्यवहार. प्लॉट देऊन इथर घेतलं हा एक, इथर देऊन रुपये घेतले हा दुसरा. पहिल्यात ५०,००० नफा. दुसऱ्यात ६२,००० तोटा, म्हणून दुसऱ्या ओळीत: शून्य.

तिसरी ओळ. २,४०,००० चा कॉर्नर २०२३ च्या फेब्रुवारीत ३८,००० ला गेला. तोटा २,०२,०००. लिहा: शून्य. त्या वेळी मिळालेल्या इथरचे रुपये त्यानं त्याच दिवशी केले, तेवढं शहाणपण आलं होतं. चौथी ओळही शून्य.

१ एप्रिल २०२२ पासून लागू झालेलं कलम ११५बीबीएच असं आहे, की नफ्यावर सरसकट ३० टक्के. खर्च म्हणून फक्त खरेदीची किंमत वजा. विकताना कापलेली फी नाही, कर्जाचं व्याज नाही. एका टोकनचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही, पगारातून होत नाही, पुढच्या वर्षीही ओढता येत नाही. ५०,००० वर १५,०००, वर ४ टक्के उपकर ६००. एकूण १५,६००. टीडीएसचे ८६० वजा केले, भरायचे राहिले १४,७४०.

तो बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसला. खाली गिरणीत कुणाचं तरी बाजरीचं दळण चालू होतं. मग म्हणाला, “म्हणजे बुडाले त्याचं सरकारला काही नाही?”

मी पंचवीस वर्षं या कामात आहे. शेअरमध्ये बुडालेल्याचा तोटा मी आठ-आठ वर्षं पुढं ओढून दिलाय, घर तोट्यात विकणाऱ्यालाही कायद्यानं वाट ठेवलीय. इथं वाट नाही. सट्टा वाटतो म्हणून सरकारनं धोरणानंच बंद केली, हे समजू शकतो. तरीही नफा मोजायचा आणि तोटा मोजायचाच नाही हा हिशोब मला पटलेला नाही, आणि माझं मत असं आहे की निदान एकाच प्रकारातला तोटा तरी वळता करू द्यायला हवा होता. त्याला मात्र मी एवढंच म्हणालो, चलन काढू का?

एक गोष्ट मात्र त्याला वाचून दाखवली. ३० जून २०२२ ला केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळानं अधिसूचना काढली, कोणत्या टोकनला आभासी मालमत्ता म्हणायचं त्याची. त्यात एक अपवाद आहे. ज्या टोकनच्या हस्तांतरामुळं खालची प्रत्यक्षातली, हाताला लागणारी मालमत्ता कायद्यानं हस्तांतरित होते, ते टोकन यातून वगळलंय. त्यानं दोनदा वाचायला लावलं.

“म्हणजे खाली खरोखर काही असेल तर हा कर नाही.”

“हां.”

“आणि माझ्या खाली काही नाही, म्हणून कर.”

कायद्याचा इतका नेमका अर्थ मला कुठल्या सेमिनारमध्ये कुणी सांगितला नव्हता.

माझ्या भाच्याची भानगड याहून साधी. त्याला जमीन नको होती, बीजीएमआय या गेममधली आयडी, म्हणजे खातं, पाहिजे होती, ग्लेशियर स्किनवाली एम-४१६ असलेली. टेलिग्रामवर कुणाकडून तरी १८,००० ला घेतली, ‘पुढं पंचवीसला जाईल’ म्हणून. आठवड्यानं मूळ मालकानं जुन्या ईमेलवरून आयडी परत ओढून घेतली. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करायला लावलं. पण तक्रारीत लिहायचं काय? अशा गेमचे नियमच सांगतात, की खातं विकता येत नाही. आतली बंदूक, कपडे, सगळं वापरायचा परवाना तेवढा आपला, मालकी कंपनीची. गेम बंद पडला तर परवानाही संपला. फ्री फायर या गेमवर २०२२ च्या फेब्रुवारीत बंदी आली तेव्हा डायमंडवर पैसे घातलेली किती पोरं रडकुंडीला आली, ते आमच्या गल्लीत बघितलंय. ताईला हे समजावताना मी म्हणालो, भाड्याच्या खोलीला फरशी बसवल्यासारखं झालं हे. ती म्हणाली, फरशीवर निदान झोपता तरी येतं.

नंतर एआयएसमध्ये तशाच ओळी असलेले आणखी आले. पहिल्या वर्षी तीन, पुढच्या वर्षी सात. सगळे कॉइनवाले, जमीनवाला तो चाकणच्या कंपनीतला एकटाच. आता मी कुणी रिटर्नच्या कॉपी मागायला आला, की कर्ज कशाला ते विचारतो आणि जागा म्हणाला तर गट नंबर विचारतो. गट नंबर नसला तर गेमचं नाव विचारतो. लोक हसतात.

ज्यांनी असं काही विकलंय, त्यांनी माझ्याकडे किंवा कुणाकडेही जाताना एक्स्चेंजचं स्टेटमेंट आणि वॉलेटची तारीखवार यादी, रुपयांतल्या भावासकट, आधी काढून ठेवावी आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात येऊ नये. एआयएस न बघता आयटीआर-१ तर अजिबात भरू नये.

त्या जमीनवाल्या पोराचं कर्ज गेल्या वर्षी फिटलं. कंपनीत पर्मनंट झाला. पस्तीस-पस्तीस हजारांचे ते दोन छोटे प्लॉट त्याच्या नावावर अजून आहेत. घ्यायला कुणी नाही. विकलेले नसल्यामुळं परिशिष्टात त्यांच्यासाठी ओळ नाही.